राई कुणाची

मलंगगडाच्या पायथ्याच्या एका ठाकूरवाडीची राई माघ महिन्यात एका सकाळी सरकारजमा झाली. त्या दिवशी तिथे एकही झाड तुटले नाही. एक प्रश्न विचारण्यात आला, वाडीने त्याला खरे उत्तर दिले, ते लिहून घेण्यात आले आणि साहेबाचा तंबू पुढच्या गावी हलला.

जंगलाचा नवा कायदा ठाणे जिल्ह्यात गावोगाव लागू होत होता, त्या वर्षांतली ही हकिकत आहे. मी तेव्हा ठाण्यातल्या एका मराठी साप्ताहिकाचा कल्याणचा बातमीदार होतो. त्या पत्रात यातले काय छापून आले आणि काय आले नाही, हे दोन्ही मला ठाऊक आहे. खाली जे मी पाहिले ते पाहिले म्हणून लिहितो, आणि जे ऐकले ते ऐकले म्हणून.

वाडीशी माझा संबंध चुलीमुळे आला. कल्याणला पारनाक्याच्या मागे आमचे घर होते. घरात जळण येई ते एका ठाकरीण म्हातारीच्या डोक्यावरून. बाजाराच्या दिवशी ती पहाटे वाडीवरून निघे आणि ऊन चढायच्या आत आमच्या ओट्याशी मोळी टाके. पावसाळ्याच्या तोंडी मोळीबरोबर रानभाजी असे, आधी शेवळी, नंतर कंटोळी. माझी आई आणि ती एकमेकींना इतकी वर्षे ओळखत होत्या की भांडण हाच त्यांचा नमस्कार झाला होता.

"अगं, ही मोळी म्हणायची की काड्यापेटी?" आई म्हणायची.

"काड्यापेटीतली काडी एकदाच पेटते, बाय. माजी लाकडं तुज्या चुलीत सांजपातुर जळत्यात. आन् मंग बी तू म्हंतेस, वली व्हती."

मग आई तिला ताक द्यायची. करवंटीत. ती करवंटी ओट्याच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे आणि म्हातारी ती स्वतः धुऊन परत तिथेच ठेवत असे. कल्याणातल्या प्रत्येक बऱ्या घराच्या ओट्यावर अशी एक करवंटी होती. त्या घरांचा सगळा स्वयंपाक ज्यांच्या लाकडांवर शिजे, त्यांच्यासाठी ती ठेवलेली असे.

एका फाल्गुनात पत्राला डोंगरातल्या वणव्यांची बातमी हवी होती. "रानटी लोक जंगले जाळतात" असा मजकूर मुंबईच्या इंग्रजी पत्रांत वरचेवर येत असे आणि आमचे संपादक तो भाषांतर करून छापत. मी म्हातारीला विचारले की वणवा कोण लावतो.

"येऊन बग की," ती म्हणाली. "तुज्या पायाला चालायची सवं ऱ्हायली आसंल तं."

मी गेलो. वाडीच्या वर, डोंगराच्या खोबणीत, ती राई होती. आंबा, हिरडा, ऐन, कळंब, आणि त्यांच्यावर चढलेल्या मांडीएवढ्या जाड वेली. आत एक झरा होता आणि त्याचे पाणी राईच्या खालच्या अंगाने बाहेर पडून वाडीच्या भातखाचरांकडे जाई. मी पोहोचलो तेव्हा सगळी वाडी राईभोवती वाकून झाडत होती. हातात करवंदीच्या डहाळ्या. राईच्या बाहेरून, सगळ्या बाजूंनी, वाळलेला पाला ओढून त्यांनी उघड्या मातीचा पट्टा काढला होता. बैलगाडी फिरेल इतका रुंद. होळीच्या दिवसांत कुठून ठिणगी आली तर ती या पट्ट्यावर मरावी, म्हणून. हे काम दरसाल होई. त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता आणि त्याचा मोबदलाही कोणी देत नव्हते.

राईच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा एक धोंडा होता. त्याच्याशी वाडीच्या कुऱ्हाडी आणि कोयते टेकवून ठेवलेले असत, दांडा बाहेरच्या बाजूला, पाते धोंड्याकडे. हत्यार घेऊन आत जायचे नाही. आतली वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही. पडलेला आंबा जिथे पडला तिथे कुजू द्यायचा. पाणी घ्यायचे ते राईतून बाहेर आल्यावर. आत बोलायचे नाही. वर्षातून एकदा, वैशाखात, पूजेचा मान असलेल्या घरातली बाई आत जाऊन झऱ्यावरच्या देवाला कोंबडी आणि मूठभर भात वाहून येई, आणि त्यानंतरच वाडीवर राब भाजत. राब म्हणजे भाताचे रोप टाकायच्या जागेवर झाडांच्या छाटलेल्या फांद्यांचा टहाळ, गवत आणि शेण अंथरून उन्हाळ्यात ते जाळतात, ते. त्याशिवाय त्या मुरमाड उतारावर रोप धरत नाही. टहाळ राईतून कधीच येत नसे. तो सभोवतालच्या रानातून काढत; एका साली एक उतार, दुसऱ्या साली दुसरा, आणि झाडाचा शेंडा शाबूत ठेवून.

पूजेचा मान म्हातारीच्या घराचा होता.

सगळ्या नियमांच्या वरचा नियम असा की राईला कोणी आपली म्हणायचे नाही. जो 'माझी' म्हणेल, किंवा 'आमची', त्याने धोंड्याच्या आत पुन्हा पाऊल टाकायचे नाही, मरेपर्यंत. याला दंड नव्हता की पंच बसत नसत. म्हणणाराच जात नसे.

वाडीवर असा एक माणूस होता. मागे कधी शिमग्यात दारूच्या भरात त्याने पाहुण्यांना राई दाखवून "ही बगा माजी राई" म्हटले होते. शुद्धीवर आल्यावर तो रडला. त्यानंतर तो आत गेला नाही आणि वाडीने त्याला नाव दिले, मालक. मी गेलो त्या दिवशीही तो पट्टा झाडत होता, सगळ्यांहून जास्त नेटाने.

"मालक, जरा सरका," एक बाई त्याला म्हणाली.

"सरकतो की. मोप जमीन हाय माजी."

सगळे हसले. तोही हसला. मी बातमी लिहिली: ठाकूर लोक वणव्यापासून देवाची राई कशी राखतात. संपादकांनी ती ठेवून घेतली. "करमणूक म्हणून बरी आहे," ते म्हणाले, "कधी जागा उरली तर." त्या वर्षी जागा उरली नाही.

माघातल्या त्या सकाळी मी वाडीवर नव्हतो. पुढचे मी तिघांकडून वेगवेगळे ऐकले: म्हातारीकडून, साहेबाबरोबर असलेल्या शिरस्तेदाराकडून आणि वाट दाखवायला बरोबर गेलेल्या, खालच्या गावातल्या दवंडी पिटणाऱ्या माणसाकडून. तिघांच्या सांगण्यात फरक पडला तो इतकाच की साहेब त्या वेळी चहा घेत होता की दाढी करून घेत होता.

कोणते रान सरकारने राखून ठेवायचे आणि त्यावर कोणाचा हक्क आहे का, हे ठरवण्यासाठी चौकशीचा साहेब तालुक्यात फिरत होता. कायद्याप्रमाणे हक्क सांगायला मुदत होती. मुदतीची दवंडी खालच्या गावात, पाटलाच्या घरापुढे झाली. वाडीवर ती ऐकू जाण्याचा संभव नव्हता. तरी साहेब स्वतः वाडीपर्यंत आला, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. बहुतेक साहेब येत नसत.

राईकडे बोट करून त्याने विचारले, "हे रान कुणाचे?"

"द्येवाचं," वाडीने सांगितले.

"देवस्थानाला सनद आहे? इनाम आहे?" हे शिरस्तेदाराने विचारले.

सनद म्हणजे काय ते वाडीला समजले नाही. समजावून सांगितल्यावर ते नाही म्हणाले.

"मग रान तुमचे आहे का?"

आणि इथे, तिघांनीही सांगितले, वाडी एकदम घाबरली. बायकांनी कानाला हात लावले. पुरुष दोन पावले मागे सरले. "नाय, नाय, सायेब. आमची नाय." कोणीतरी मालकाकडे पाहिले आणि मालकच सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "कुनाचीच नाय!"

साहेबाने याहून स्पष्ट उत्तर त्या तालुक्यात ऐकले नव्हते. इतर गावी लोक बांधावरच्या बाभळीवरसुद्धा हक्क सांगत. त्याने वाडीचे कौतुक केले. हे लोक खरे बोलतात, असे तो शिरस्तेदाराला इंग्रजीत म्हणाला. शिरस्तेदाराने मला हे हसत सांगितले. तो कोकणातल्या खेड्यातून आलेला, गावात देवराई असलेला माणूस होता. 'आमची नाही' म्हणजे काय, हे साहेबाला समजावून सांगणे त्याच्या आवाक्यात होते आणि त्याच्या कामातही बसत होते. मी त्याला विचारले, का नाही सांगितले?

"मला कोणी विचारलं?" तो म्हणाला.

मी पुष्कळ अधिकारी पाहिले. जुलमी माणसाचा राग येतो आणि काही दिवसांनी तो विरतो. या उत्तराचा माझा राग अजून विरलेला नाही.

पावसाळा संपला आणि जंगलखात्याचा नाकेदार आला. वाडीच्या भोवतालचे सगळे रान आता सरकारी होते. टहाळ तोडणे गुन्हा, मोळी बांधणे गुन्हा, कारवीच्या काठ्या आणणे गुन्हा. म्हातारीला मोळीसकट नेवाळीच्या वाटेवर पकडले आणि मोळी जप्त केली. त्या बाजारी ती मोकळ्या डोक्याने आमच्या ओट्यावर आली.

"आज मोळी नाही होय?" आई म्हणाली.

"चोरीची व्हती म्हनं, बाय. इतकी वरसं तू चोरीच्या लाकडावर रांधलंस."

आईने ताक आणले. जळण मात्र आम्ही त्या दिवसापासून खाडीवरच्या वखारीतून विकत घेऊ लागलो. तीही त्याच डोंगरातली लाकडे. फक्त त्यांच्यावर सरकारी हातोड्याचा शिक्का असे.

याच सुमारास जंगल कायद्याच्या विरोधात ठाण्याला एक सभा झाली. जमीनदार, इनामदार, वकील. मी वृत्तांत लिहायला हजर होतो. वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनींवरच्या सागाचे काय, इनामाचे काय, गावकीच्या गवताचे काय, यावर भाषणे झाली आणि त्यांपैकी काही चांगली झाली. 'गरीब बिचारे रानातले लोक' हे शब्द प्रत्येक वक्त्याने एकदा तरी उच्चारले. त्या लोकांपैकी एकही सभेत नव्हता. एकाला बोलवावे असेही कोणाच्या डोक्यात आले नव्हते. सभेनंतर पानसुपारी झाली. माझा वृत्तांत पूर्ण छापून आला.

कार्तिकात त्याच साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर लिलावाची जाहिरात आली. ठरावीक टाइप, ठरावीक चौकट. कोणत्या हद्दीतली उभी झाडे, कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी. हद्दीच्या वर्णनावरून मला ती राई ओळखू आली. मी छापखान्यात गेलो.

"ही देवाची राई आहे," मी संपादकांना म्हणालो. "मागच्या साली फाल्गुनात मी हिच्यावर लिहिलं होतं."

"मग?"

"लोकांना विचारलं तेव्हा ते आमची नाही म्हणाले, कारण तसं म्हणणं त्यांच्यात पाप आहे. हे छापू या."

"त्यांनीच नाही म्हटलं, यात बातमी कुठली?" ते मुद्रित तपासत होते, त्यांनी मान वर केली नाही. "आणि ज्या पानावर जाहिरात, त्याच्या शेजारच्या पानावर जाहिरातीविरुद्ध मजकूर? पुढच्या खेपेला जाहिरात येईल का आपल्याकडे?"

छपाईचे खिळे जुळवणारा माणूस आमच्याकडे पाहत होता. मी बाहेर आलो. मजकूर छापला गेला नाही. जाहिरात आणखी दोनदा छापली गेली.

मार्गशीर्षात तोड सुरू झाली. ठेकेदाराने आधी आसपासच्या वाड्यांवरून माणसे मागवली. कोणी आले नाही. मजुरी वाढवली तरी आले नाहीत. मग त्याने घाटावरून टोळी आणली. त्या माणसांना धोंड्याचा अर्थ माहीत नव्हता; ते त्यावर पाती घासत. राईच्या वरच्या अंगापासून त्यांनी सुरुवात केली. ऐन, हिरडा, कळंब. वेली तोडायला झाडांइतकाच वेळ लागे. गाड्या भरून मलंगाच्या वाटेने कल्याणला येत आणि खाडीवरच्या वखारीत उतरत. पारनाक्यावरचे लोक त्या सोटांकडे पाहून, असे लाकूड आता मिळत नाही, असे म्हणत.

म्हातारी बाजाराच्या दिवशी आली. बाजाराचे काही काम उरले नव्हते, तरी आली. ओट्यावर बसली आणि मला म्हणाली, "भाऊ, तू ल्हितोस. कचेरीत काय सांगितलं म्हंजी झाडं तोडत नाय?"

मी तिला खरे ते सांगितले. मुदत संपली आहे. पण साहेबाच्या मनात आले तर तो फेरचौकशी करू शकतो, आणि चौकशी होईपर्यंत तोड थांबवू शकतो. त्यासाठी कोणीतरी त्याच्यापुढे उभे राहून सांगायला हवे की राई आमची आहे, वाडवडिलांपासून आमची आहे.

"द्येवाची हाय म्हनून नाय चालत?"

"ते सांगून झालं."

आई दारात उभी होती. "सांग की मग," आई म्हणाली. "दोन शब्द तर आहेत."

"दोनच हायत, बाय. त्येच तं."

आईला तो नियम माहीत नव्हता. मी सांगितला. आई आत गेली आणि ताक घेऊन आली; त्या दिवशी ते पेल्यात होते. म्हातारीने ते प्यायले नाही, बाजूला ठेवले.

"येकानं म्हनलं तं भागंल ना?" तिने विचारले.

"भागावं."

"मंग म्या म्हंते. माजं वय झालं. पोरांचं अजून लई जानं-येनं हाय तितं."

पौषात ती ठाण्याला गेली. मानपाड्यावरून शीळ, शिळेवरून मुंब्रा, कळव्याची खाडी उतरून ठाणे, असे पायी. बरोबर तिचा धाकटा मुलगा होता. त्याला कचेरीच्या बाहेरच थांबवले. मी आत होतो, बातमीदारांच्या बाकावर.

साहेबाने तिला ओळखले नाही. शिरस्तेदाराने ओळखले.

"काय गं, काय म्हणणं आहे?"

तिने पदर सावरला. ओठ हलले. आवाज बाहेर आला नाही.

"मोठ्याने बोल. साहेबांना ऐकू गेलं पाहिजे."

"राई," ती म्हणाली, "माजी हाय."

"काय? मोठ्याने!"

"राई माजी हाय."

"तुझी एकटीची? की वाडीची? नीट बोल, लिहून घ्यायचंय."

"माजी हाय. आमची हाय. आमची हाय." आता ती ओरडत होती आणि तिने डोळे मिटून घेतले होते. कचेरीतले काही जण हसले. कोणी म्हणाले, "आली बघा जहागीरदारीण."

शिरस्तेदाराने लेखणी खाली ठेवली. "आधी साहेबांना तोंडावर सांगितलंत आमची नाही म्हणून. आता हो म्हणता. मग खोटं कधी बोललीस? तेव्हा की आता?"

"तवा खरं सांगितलं," म्हातारी म्हणाली. "आता तुमाला पायजे तसं सांगते."

शिरस्तेदाराने हे वाक्य साहेबाला भाषांतर करून सांगितले ते असे: ही बाई आधीचे म्हणणे बदलते. मी ते माझ्या कानांनी ऐकले. साहेब कंटाळलेला होता, दुष्ट नव्हता. त्याने हुकूम दिला. चौकशी होईपर्यंत तोड थांबवावी. मात्र एका बाईच्या सांगण्याने वाडीचा हक्क ठरत नाही. वाडीतल्या बाकीच्या मोठ्या माणसांनी पुढच्या तारखेला स्वतः येऊन, प्रत्येकाने आपल्या तोंडाने, तेच सांगितले पाहिजे. नाही तर तोड पुन्हा चालू होईल.

मुलगा बाहेर पायरीवर उभा होता. म्हातारी त्याच्याजवळ गेली. "नाय भागलं," ती म्हणाली.

पुढच्या तारखेला वाडी आली. आदल्या दिवशी निघून वाटेत मानपाड्याला एका खळ्यावर ते थांबले होते. सगळी मोठी माणसे, बायका, पुरुष. कडेवर पोरे. कचेरीच्या आवारात ती चिंचेखाली बसली. शिरस्तेदार म्हणाला, सगळ्यांचं एकत्रच लिहितो, अंगठे उठवा. साहेब म्हणाला, नाही, एकेकाला बोलवा. यामागे त्याचा हेतू असा की कोणी पढवले असेल तर उघडे पडावे. त्यामुळे प्रत्येकाला त्या टेबलापुढे उभे राहून ते शब्द स्वतः उच्चारावे लागले. काहींनी भिंतीकडे तोंड करून उच्चारले. एका तरुण बाईने आधी कडेवरचे पोर बाहेर नेऊन दुसऱ्याकडे दिले आणि मग आत येऊन सांगितले. म्हणणारा बाहेर पडला की चिंचेखाली जाऊन इतरांकडे पाठ करून बसे.

शेवटी मालकाची पाळी आली. त्याला गमावण्यासारखे काही उरले नव्हते. तो नीट उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "राई आमची हाय, सायेब. म्या तं लई आदीपासून सांगतोय." बाहेर येऊन त्याने चिंचेखालच्या सगळ्यांकडे पाहिले.

"या, मालक," तो म्हणाला. "बसा, मालकीनबाय."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मग सगळे हसले, बायका पदरात तोंड खुपसून. शिरस्तेदार खिडकीतून पाहत होता. "बघितलंत," तो मला म्हणाला, "यांना कशाचं काही नाही."

हुकूम चैत्रात झाला. झऱ्याभोवतालचा, अजून न तोडलेला भाग वाडीच्या देवासाठी वगळण्यात आला. हा हक्क म्हणून नव्हे, सरकारची मेहेरबानी म्हणून, आणि पुढचा हुकूम होईपर्यंत. वरचा, तुटलेला भाग सरकारी जंगल म्हणून कायम राहिला. तिथे नव्याने साग लावायचे ठरले. राबासाठी ठरवून दिलेल्या एका उतारावरचा टहाळ घ्यायला वाडीला परवानगी मिळाली. ज्यांनी आपल्या रानात आधीपासून शेंडे राखले, त्यांना शेंडे राखण्याची अट घालण्यात आली. आमच्या साप्ताहिकाने हा हुकूम पहिल्या पानावर घेतला आणि वर मथळा दिला, 'सरकारची उदारता'. मी लिहिलेल्या मजकुरातून कचेरीतली सगळी बोलणी काढून टाकलेली होती. त्यानंतर मी त्या पत्रासाठी लिहिणे सोडले.

वैशाख आला तेव्हा वाडीवर टहाळ, गवत, शेण अंथरून तयार होते. राब पेटत नव्हते. पूजा झाल्याशिवाय पेटवायचे नाहीत, आणि पूजेला आत जाऊ शकेल असे मोठे माणूस वाडीच्या आधीच्या माणसांत एकही उरले नव्हते. पूजा मानाच्या घरातल्या लग्न झालेल्या बाईने करायची असते, पोरांनी नाही. खालच्या गावातल्या कुणब्यांचे राब भाजून झाले होते. एका बाजारी कल्याणला एक वाणी मला म्हणाला, "आळशी जात. पाऊस तोंडावर आला तरी यांचे राब तसेच."

म्हातारीच्या धाकट्या मुलाचे लग्न चैत्राच्या शेवटी झाले होते. मुलगी डोंगराच्या पलीकडच्या, कर्जतच्या अंगाच्या वाडीतली. लग्न इतक्या लवकर का उरकले, ते मला तोवर कळले नव्हते. पूजेच्या दिवशी म्हातारीने निरोप पाठवला आणि मी गेलो. आई बरोबर आली. एवढी चाल तिने त्याआधी कधी चालली नव्हती.

सगळी वाडी धोंड्याच्या अलीकडे उभी होती. कुऱ्हाडी धोंड्याशी टेकवलेल्या, दांडे बाहेर. धोंड्यावर पाती घासल्याच्या खुणा होत्या. वर, जिथे झाडे होती, तिथे बुंधे आणि ऊन. नवी सून हातात कोंबडी आणि पदरात भात घेऊन उभी होती. ती या राईत कधी आली नव्हती. कचेरीत उभी राहिली नव्हती. तिने कधी काही म्हटले नव्हते.

"हिकडून शिर," म्हातारी तिला सांगत होती. "पयला ऐन लागंल, त्येला उजवा हात घाल. मंग वेल. वेलीखालून वाक. झऱ्याचा आवाज आला का थांब. आन् आत गेल्यावर बोलू नको."

"वाट चुकली तं?" सून म्हणाली.

"म्या हितून वरडते. तू आयकून घे. पर उत्तर दिऊ नको."

सून आत गेली. थोड्या वेळाने ती झाडांआड दिसेनाशी झाली. म्हातारी धोंड्याला पोट लावून उभी राहिली आणि मोठ्याने वाट सांगू लागली. ऐन. उजवीकडं. वाक. आता डावीकडं. मधून मधून ती थांबे आणि कान देई. आतून काही उत्तर येत नव्हते. ती पुन्हा सुरुवातीपासून सांगे. मालक तिच्या मागे उभा होता. त्याच्या अंगावर सदरा नव्हता आणि हाताची घडी घातलेली होती. माझ्या आईने डोक्यावरून पदर घेतला.

सून बाहेर आली तेव्हा हात रिकामे होते आणि पाय घोट्यापर्यंत ओले होते.

त्याच दिवशी, वारा पडल्यावर, वाडीवर राब भाजले.